नागपुरात पहिल्या वर्षाला येतोस? एवढं बघ

भाऊ, ॲडमिशन झाली ना, मग प्लेसमेंटची चिंता आत्ता नको. सुरुवातीला एवढंच:

१. हजेरी. 'कोणी येतच नाही' म्हणून पहिला महिना सगळे दांड्या मारतात. ७५ टक्क्यांचा हिशेब परीक्षेच्या तोंडावर निघतो, मग सरांच्या मागे फिरत बसावं लागतं.

२. जुने पेपर. विद्यापीठाच्या हिवाळी-उन्हाळी दोन्ही परीक्षांचे मागचे पेपर सीनियरकडून घे आणि युनिटप्रमाणे प्रश्न वहीत मांड. कोणता प्रश्न फिरून फिरून येतो ते लगेच दिसतं. गाइड बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) मिळेलच, पण मूळ पुस्तक लायब्ररीतून काढ. गाइडवर पास होता येतं, तोंडी परीक्षेत मात्र फजिती होते.

३. खोली कॉलेजपासून चालत जाता येईल अशी बघ, भाडं थोडं जास्त पडलं तरी. मे महिन्यात ४५ अंशांत दुपारच्या पेपरला सायकल हाणणं म्हणजे काय, ते इथलेच जाणोत! कूलर आहे का, तेही आधीच विचार.

बॅकलॉग, म्हणजे एखादा विषय नापास होऊन मागे राहिला तर घाबरू नको, फक्त परीक्षेचा फॉर्म लगेच भर. तर्री-पोह्यांच्या ठेल्यावर जमणारी मंडळी वर्गातल्यांपेक्षा जास्त कामी येतात, हे माझं मत. स्पर्धा परीक्षांचं नंतर बोलू.