कोल्हापूरहून दहा दिवस मेक्सिकोला जायचंय. पोट बिघडू नये आणि जेट लॅगचा त्रास कमी व्हावा म्हणून काय करू?

तुमच्या प्रश्नातली माहिती अशी: शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीतर्फे मेक्सिकोतल्या केरेतारो शहरातल्या ग्राहकाकडे कास्टिंगची तक्रार निस्तरायला जाताय. परदेशवारी पहिलीच. मुंबईहून युरोपमार्गे मेक्सिको सिटीला संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराला उतरायचं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आठला प्लांटवर हजर व्हायचं. मित्राचा सल्ला आहे की, "तिथं गेल्यावर सकाळचं ऊन घे आणि नॉरफ्लॉक्स खिशात ठेव." नॉरफ्लॉक्स म्हणजे जुलाबावर घेतात ती अँटिबायोटिक गोळी. हे दोन्ही सल्ले तुमच्या प्रवासाला लागू पडत नाहीत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी झोपेचं. केरेतारो आपल्यापेक्षा साडेअकरा तास मागे आहे. मेक्सिकोच्या बहुतेक भागात उन्हाळ्यात घड्याळ बदलणं २०२२ मध्ये बंद झालं, त्यामुळे हा फरक वर्षभर तोच राहतो. पश्चिमेला जाताना शरीराला "उशिरा झोप, उशिरा ऊठ" असं शिकवायचं असतं आणि ते दिवसाला साधारण दीड तासच शिकतं. साडेअकरा तासांना आठ दिवस लागतील, आणि तुमचा मुक्काम दहाच दिवसांचा आहे. म्हणून जेट लॅग अजिबात होणार नाही अशी आशा धरू नका. पहिल्या रात्रीपासून सलग चार-पाच तास झोप आणि कामाच्या वेळी डोकं शाबूत, एवढं मात्र नक्की साधता येतं.

शरीराचं घड्याळ मुख्यतः डोळ्यांवर पडणाऱ्या उजेडावर चालतं, आणि तो उजेड कधी पडतो याला सगळं महत्त्व आहे. नेहमीच्या उठण्याच्या वेळेआधी दोन-अडीच तास शरीराचं तापमान सगळ्यात खाली गेलेलं असतं. त्या क्षणाला आपण "तळ" म्हणू. तळाच्या आधीच्या काही तासांत मिळालेला उजेड झोप उशिराकडे ढकलतो, तळानंतरचा उजेड ती लवकरकडे ओढतो. तुम्ही रोज साडेसहाला उठत असाल तर तुमचा तळ पहाटे चारच्या आसपास. तिसऱ्या पाळीत मेल्टिंगवर उभं राहिलेल्या माणसाला ही वेळ वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

आता हिशेब करा. कोल्हापूरचे पहाटेचे चार म्हणजे केरेतारोत आदल्या दिवशीची दुपारची साडेचार. याचा अर्थ पहिल्या दिवशी तुमच्या उपयोगाचं ऊन दुपारी बारा ते साडेचारचं. सकाळी सातचं ऊन शरीराच्या लेखी संध्याकाळच्या साडेसहाचं, त्यानं घड्याळ फारसं हलत नाही. आणि साडेचारनंतर मावळेपर्यंतचं ऊन तर उलट्या दिशेला ओढतं, तेव्हा गॉगल लावावा. "सकाळचं ऊन घ्या" हा नियम थोड्या तासांच्या फरकाला, पूर्वेकडे जाताना बऱ्याचदा चालतो. साडेअकरा तासांच्या फरकाला पहिले काही दिवस तो कामाचा नाही.

हा हिशेब आणखी सोपा करायचा तर सुरुवात कोल्हापुरातच करा. निघण्याआधीच्या तीन रात्री झोप एकेक तास पुढे न्या: अकराऐवजी बारा, मग एक, मग दोन. उठणंही तसंच साडेसात, साडेआठ, साडेनऊ. रात्री जागताना खोलीत दोन्ही ट्यूब चालू ठेवा. अंधारात मोबाइल बघत पडून राहिलात तर पुरेसा उजेड मिळत नाही. सकाळी उलट, पडदे लावून खोली काळोखी ठेवा आणि उठायच्या वेळेपर्यंत बाहेर पडू नका. घरच्यांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर सहाला कुणीतरी चहा घेऊन हजर होईल. एवढ्यानं तळ सकाळी सातवर, म्हणजे केरेतारोच्या संध्याकाळी साडेसातवर जातो. मग तिथं दुपारचं ऊन मावळेपर्यंत सगळंच उपयोगी, गॉगलची भानगड उरत नाही, आणि उरलेलं अंतर सहा दिवसांत कापता येतं.

मुंबईला आदल्या रात्रीच्या बसनं जाऊन दिवसभर नातेवाइकांकडे फिरत बसू नका. एक रात्र बसमध्ये, दुसरी विमानात, अशा दोन रात्री वाया गेल्या की केलेली तयारी फुकट. युरोपची बरीच विमानं मुंबईहून मध्यरात्रीनंतर सुटतात. म्हणून तिकिटावरच्या तारखेच्या आदल्या दिवशी सकाळी नीट झोप पुरी करून अकरा-साडेअकराला कोल्हापूर सोडा. रस्ता आठ-नऊ तासांचा धरा आणि वर तीन तास राखीव ठेवा, कारण हायवेची कामं आणि एक्स्प्रेसवेचा घाट यांचा भरवसा नाही.

मुंबईहून विमान सुटलं की जेवण नाकारून लगेच झोपा. रात्री दोन-अडीच ही तुमची नवी झोपेची वेळ आहे. डोळ्यांवर पट्टी आणि कानात बोळे हवेत. युरोपात सकाळी उतराल तेव्हा गॉगल लावा आणि काचेच्या भिंतींपासून लांब बसा, तिथला सकाळचा उजेड तुमच्या तळानंतर लगेचचा असतो. दुसऱ्या विमानात झोप काढायचीच तर सुरुवातीला तास-दीड तास. पुढच्या अर्ध्या प्रवासात खिडकीची झडप उघडी ठेवा. विमान सूर्याबरोबर पश्चिमेला पळत असतं, बाहेर ऊन टिकून असतं, आणि नेमका तोच उजेड तुम्हाला हवा असतो. त्यासाठी खिडकीची जागा आधीच घ्या. दर दोन तासांनी उठून चाला, पोटऱ्या हलत्या ठेवा.

पहिल्या रात्री साडेनऊ-दहाला झोप लागेल आणि एक-दोनला टक्क जाग येईल. भूकही लागेल, कारण पोटाच्या हिशेबानं ती दुपारच्या जेवणाची वेळ असते. एक राजगिऱ्याचा लाडू किंवा चार बिस्किटं खा, दिवे लावू नका, ऑफिसचे मेल उघडू नका, अंधारात पडून राहा. मेलाटोनिन, म्हणजे झोपेच्या हार्मोनची गोळी, घ्यायचं तर तिथल्या झोपण्याच्या वेळेला, अर्धा ते ३ मिलिग्रॅम, पहिल्या चार-पाच रात्री. त्याच्या वेळेत चूक झाली तर घड्याळ भलतीकडे जातं. रक्त पातळ करणारी किंवा फिटची औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. कॉफी दुपारी एकनंतर नको.

ग्राहकाबरोबरची महत्त्वाची चर्चा सकाळी आठ ते बारामध्येच ठेवायचा आग्रह धरा. तेव्हा तुमचं शरीर संध्याकाळच्या तरतरीत असतं. चारनंतर ते पेंगायला लागतं. त्या वेळात पहिले तीन दिवस गाडी चालवणं, क्रेनखाली उभं राहणं, मापांवर सही करणं टाळा. जेवणाच्या सुट्टीत आणि तीनच्या सुमाराला अर्धा-अर्धा तास शेडबाहेर उघड्यावर जा. आतला उजेड डोळ्यांना पुरेसा वाटतो, पण बाहेर ढगाळ असलं तरी त्याच्या कित्येक पट उजेड असतो. डुलकी काढलीच तर वीस मिनिटं, गजर लावून.

आणखी एक. मेक्सिको सिटी समुद्रसपाटीपासून २,२४० मीटरवर आहे, महाबळेश्वरपेक्षाही साडेआठशे मीटरहून जास्त उंच, आणि केरेतारो सुमारे १,८२० मीटरवर. पहिल्या दोन दिवसांतली डोकेदुखी, धाप, तुटक झोप यांत उंचीचाही वाटा असतो. पाणी भरपूर प्या, पहिल्या रात्री दारूला नाही म्हणा.

आता पोट. कोल्हापुरी माणसाचा एक पक्का समज असतो की, मिसळीचा कट आणि तांबडा रस्सा पचवणाऱ्याला बाहेरचं काय बाधणार. तिखटाची सवय जिभेला आणि आतड्याला होते. जंतूंशी तिचा संबंध नाही. प्रवासातले जुलाब बहुतेक वेळा ई-कोलाय या जंतूच्या विष तयार करणाऱ्या जातींमुळे होतात, आणि तिथल्या जातींशी तुमच्या आतड्याची ओळख नसते.

उलट तिखटाची ही ओढच तुम्हाला गोत्यात आणू शकते. जेवण सपक वाटलं की हात टेबलावरच्या वाटीकडे जाणार. तिथल्या हॉटेलांत लाल आणि हिरवा साल्सा, म्हणजे तिथली पातळ चटणी, उघड्या वाट्यांत तासन्‌तास ठेवलेला असतो, शेजारी पिको दे गायो: कच्चा टोमॅटो, कांदा, कोथिंबीर, मिरची बारीक चिरून, अगदी आपल्या कोशिंबिरीसारखी. सगळं कच्चं, नळाच्या पाण्यानं धुतलेलं असू शकतं, उबेत ठेवलेलं आणि दहा जणांनी चमचा घातलेलं. ग्वादलाहारातल्या हॉटेलांच्या साल्शांची तपासणी २००२ मध्ये प्रसिद्ध झाली, तिच्यात नेमके हेच जुलाबाचे ई-कोलाय सापडले होते. वर लिंबू पिळल्यानं जंतू लगेच मरत नाहीत, म्हणून लिंबात मुरवलेली कच्ची मासळीही नको. तिखट हवंच असेल तर व्हॅलेंटिना किंवा चोलुलासारखा बाटलीतला व्हिनेगरचा सॉस घ्या, आंबटपणामुळे त्यात जंतू तगत नाहीत. कांदा-लसूण चटणी न्यायची तर घरची डबीतली नको, कारखान्यात सीलबंद केलेलं लेबलवालं पाकीट न्या आणि कस्टमला सांगून टाका.

गरम तव्यावरून थेट ताटात आलेलं काहीही बिनधास्त खा. टाको घेताना तिथं उभे राहून बघा: मांस तुमच्यासमोर परतलं जातंय, मक्याची टॉर्टिया, म्हणजे तिथली पातळ भाकरी, तव्यावरच फुगतेय, तर ठीक. वरचा कच्चा कांदा-कोथिंबीर नको असेल तर "सिन वेर्दुरा" म्हणा. शाकाहारी असाल तर घोटलेल्या राजम्याबद्दल आधी विचारा, त्यात बऱ्याचदा डुकराची चरबी असते. हॉटेलच्या नाश्त्याला कापून ठेवलेली फळं सोडा, समोर करून दिलेलं अंडं आणि स्वतः सोललेलं केळं घ्या.

नळाचं पाणी तिथले लोकही पीत नाहीत. घरोघरी आणि कारखान्यांत २० लिटरचा जार असतो, त्याला गाराफोन म्हणतात. तो किंवा सील न तुटलेली बाटली, दोन्ही चालतात. दात घासायलाही तेच पाणी. चांगल्या हॉटेलातला मधे भोक असलेला नळीसारखा बर्फ सहसा शुद्ध पाण्याचा असतो, पण गाड्यावर "सिन येलो", म्हणजे बर्फाशिवाय. काचेच्या मोठ्या बरणीतून ओतून देतात ती रंगीत सरबतं टाळा. जेवणाआधी साबणानं वीस सेकंद हात धुवा. उलट्या-जुलाब करणाऱ्या नोरोव्हायरसवर सॅनिटायझर पुरा पडत नाही.

बाधा झाल्यावर जुलाब सुरू व्हायला एक ते तीन दिवस लागू शकतात. म्हणजे निघण्याच्या आदल्या दिवशी निरोपाच्या जेवणात किंवा गाडीवर खाल्लेलं तुम्हाला विमानात गाठेल. शेवटचे दोन-तीन दिवस घरचं ताजं खा. मटणाचा बेत आल्यावर करू म्हणून सांगा, कुणी रागावणार नाही. टायफॉइडची लस निघण्याआधी किमान दोन आठवडे घेतलेली असावी.

औषधांत सगळ्यात महत्त्वाचं ओआरएस. डब्ल्यूएचओ फॉर्म्युला लिहिलेली सहा पाकिटं न्या आणि पाणी किती लागतं ते वाचा: साधारण २१ ग्रॅमचं पाकीट १ लिटरला, ४.२ ग्रॅमचं २०० मिलिलिटरला. मोठं पाकीट एका ग्लासात ओतण्याची चूक फार लोक करतात. मीठ पाचपट होतं आणि त्रास वाढतो. पाकीट संपलं तर १ लिटर पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. प्रत्येक जुलाबानंतर एक ते दोन ग्लास, घोट घोट.

ताप नाही, रक्त नाही आणि मीटिंग किंवा बस गाठायची आहे, अशा वेळी जुलाब थांबवणारी लोपेरामाइड २ मिलिग्रॅम: आधी दोन गोळ्या, मग प्रत्येक पातळ शौचाला एक, दिवसात चारच्या वर नाही. ताप किंवा रक्त असेल तर तिला हात लावू नका, जंतू आत कोंडले जातात. नॉरफ्लॉक्सच्या गटाला हे जंतू बऱ्याच ठिकाणी दाद देत नाहीत, आणि दोन-तीन जुलाबांना तर कुठलंच अँटिबायोटिक लागत नाही. अंथरुणाला खिळवणाऱ्या जुलाबांसाठी अझिथ्रोमायसिन डॉक्टरांकडून चिठ्ठीसह आधीच लिहून घ्या. मेक्सिकोत २०१० पासून चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक मिळत नाही. तिथल्या बऱ्याच औषध दुकानांना लागूनच छोटा दवाखाना असतो, भाषेसाठी प्लांटमधल्या कुणाला तरी सोबत न्या. सर्दीच्या गोळ्या भरताना मागचं बारीक अक्षर वाचा: स्यूडोएफेड्रिन असलेलं औषध मेक्सिकोत नेता येत नाही. मधुमेहाची औषधं किंवा इन्शुलिन चालू असेल तर साडेअकरा तासांच्या फरकाचं वेळापत्रक डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या.

परत आल्यावर मुंबईहून स्वतः गाडी चालवत कोल्हापूर गाठू नका, आणि पहिले दोन दिवस रात्रपाळी घेऊ नका. जुलाब तीन दिवसांत थांबले नाहीत, रक्त दिसलं, किंवा लघवी गडद आणि कमी झाली तर तिथंच डॉक्टर गाठा. घरी आल्यावरही दोन आठवड्यांच्या पुढे पोट फुगणं, आंबूस ढेकर, पातळ चिकट शौच चालू राहिलं तर शौचाची तपासणी करा आणि जिआर्डिया या आतड्यातल्या परजीवीसाठी बघायला सांगा. मेक्सिकोला जाऊन आल्याचं डॉक्टरांना आपणहून सांगा, नाहीतर ते नेहमीचं ॲसिडिटीचं औषध देतील.