हाताला गंभीर दुखापत झालेला रेसिंग ड्रायव्हर पुन्हा ट्रॅकवर येऊ शकतो का?

तुमच्या मित्राच्या हाताला अशी दुखापत झालीय, म्हणून तुम्ही हे विचारलंत. येऊ शकतो, पण वर्षं लागतात. पोलंडचा फॉर्म्युला वन ड्रायव्हर रॉबर्ट कुबित्साचंच बघा. फेब्रुवारी 2011 मध्ये इटलीतल्या रॅलीत रस्त्याकडेचा लोखंडी कठडा गाडीत घुसला आणि त्याचा उजवा हात जवळजवळ तुटलाच. फॉर्म्युला वनच्या शर्यतीत तो परतला थेट 2019 ला. त्या मोसमात त्याला एकच गुण मिळाला, म्हणून लोकांनी नाकं मुरडली. पण 2025 मध्ये ल मान्स ही फ्रान्समधली 24 तासांची शर्यत जिंकणाऱ्या फेरारीत तोच होता!

खरी अडचण ताकदीची नसते, मनगट आणि कोपर किती वळतं याची असते. फॉर्म्युला कारचं कॉकपिट इतकं अरुंद, की कोपर बाहेर काढून स्टिअरिंग फिरवायची सोय नाही. रॅलीच्या गाडीत जागा असते. म्हणून कुबित्सा आधी तिकडे गेला आणि 2013 मध्ये डब्ल्यूआरसी-2 चा, म्हणजे जागतिक रॅली स्पर्धेतल्या दुसऱ्या श्रेणीचा, विजेताही झाला. गिअर बदलायचं काम डाव्या हाताकडे देता येतं. मात्र अपघात झालाच, तर ठरलेल्या सेकंदांत गाडीबाहेर पडता आलं पाहिजे; तिथे सवलत नाही.

तुमचा मित्र पुण्यातच आहे म्हणता, तर आधी हाताच्या फिजिओथेरपिस्टकडून हालचाल मोजून घ्या. एफएमएससीआयच्या, म्हणजे भारतातल्या मोटरस्पोर्ट महासंघाच्या, लायसन्ससाठी वैद्यकीय दाखला लागतोच. आणि सराव म्हणून सिंहगडाच्या घाटात गाडी पळवू नका, एवढं ऐका. घरी सिम्युलेटर लावा.