तापलेल्या प्रोसेसरची पत्रं

या वेळच्या पत्रांत ओव्हरक्लॉकिंगचीच, म्हणजे प्रोसेसर कंपनीने ठरवल्यापेक्षा जास्त वेगाने (क्लॉकने) पळवण्याचीच गर्दी आहे. बहुतेकांनी तापमान ठळक अक्षरांत लिहिलंय. व्होल्टेज कुणीतरी जाता जाता सांगितलंय, कुणी तेही नाही. म्हणून ही पत्रं एकत्रच घेते.

प्रश्न: ताई, माझ्याकडे कोअर आय-५ ८६००के आहे. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) मल्टिप्लायर ५० केला, बाकी सगळं ऑटोवर ठेवलं. विंडोज नीट सुरू होतं, गेमही चालतात. पण प्राइम९५ ही ताण-चाचणी लावली की मिनिटभरात १०० अंश होतात आणि क्लॉक आपोआप खाली येतो. एचडब्ल्यूइन्फो या मोजमापाच्या प्रोग्रॅममध्ये व्हीकोअर १.४२ व्होल्ट दिसतो. मोठा कूलर घेऊ का?

उत्तर: कूलरचे पैसे तूर्त खिशातच राहू द्या. मला खटकला तो १.४२, म्हणजे कोअरना मिळणारं व्होल्टेज.

ऑटोवर ठेवलं की व्होल्टेज बोर्ड ठरवतं. सॉकेटमध्ये बसलेली चिप चांगली निघाली की सुमार, हे त्याला कळायला मार्ग नसतो. मग सुमारातली सुमार चिपही ५ गिगाहर्ट्झला (मल्टिप्लायर ५० गुणिले १०० मेगाहर्ट्झ) तगेल एवढं व्होल्टेज देऊन ते मोकळं होतं. प्रोसेसर खातो ती वीज क्लॉकच्या सरळ प्रमाणात वाढते, व्होल्टेजच्या मात्र वर्गाच्या प्रमाणात. १.४२ चं १.३० केलंत, तर क्लॉक तोच ठेवूनही ही वीज साधारण १६ टक्क्यांनी उतरते. चिप गार राहिली की लीकेज करंट (ट्रान्झिस्टर बंद असतानाही झिरपणारा) घटतो, तो फायदा वेगळा. कूलर बदलून एवढं हाती लागणं अवघड, आणि तुमच्या चिपवर तर जास्तच. ८६००केच्या धातूच्या झाकणाखाली पेस्ट आहे, सोल्डर नाही, त्यामुळे उष्णता कूलरपर्यंत पोचायच्या आधीच अडते. के-मालिकेत सोल्डर परत आलं ते २०१८ साली, नवव्या पिढीत. झाकण उचकटून आत लिक्विड मेटल लावणारे हौशी आहेत, पण पहिल्याच ओव्हरक्लॉकला तो उद्योग नको.

आता उलट्या बाजूने या. व्हीकोअर मॅन्युअल करा, १.२५ ठेवा, मल्टिप्लायर ४७. सिनेबेंच या सगळ्या कोअरना जुंपणाऱ्या चाचणीच्या फेऱ्या लागोपाठ चालू द्या. टिकलं तर ४८. जिथे अडखळेल तिथे व्होल्टेज ०.०१ ने वाढवा, पुन्हा चालवा. हवेच्या कूलरवर या चिपला मी १.३५ च्या वर नेत नाही. तिथेही ५.० टिकत नसेल, तर तुमची चिप ४.९ ची आहे असं समजा आणि पुढच्या कामाला लागा. इंटेलने कबूल केलेला टर्बो ४.३ चाच आहे, तोही सगळ्या कोअरना एकदम नाही. वरचं सगळं नफ्यात.

प्राइम९५ बद्दल: त्यातली एव्हीएक्सची (एका फटक्यात अनेक आकडे हाताळणाऱ्या जड सूचनांची) ‘लहान एफएफटी’ नावाची चाचणी रोजच्या कुठल्याही कामापेक्षा चिपला जास्त भाजते. व्हिडिओ एन्कोडिंगसारखं काम करत असाल, तर बायोसमध्ये एव्हीएक्स ऑफसेट २ द्या. तेवढ्या सूचनांपुरता क्लॉक ४.८ वर येईल. नुसते गेम खेळत असाल, तर एव्हीएक्स बंद करून चाचणी घेतली तरी चालेल. मात्र ‘विंडोज सुरू झालं’ ही काही परीक्षा नव्हे. विंडोजचा इव्हेंट व्ह्यूअर उघडून डब्ल्यूएचईएच्या (हार्डवेअरच्या चुकांच्या) नोंदी बघा. प्रोसेसरने आतल्या आत चूक पकडून सुधारली की तिथे नोंद पडते, आणि स्क्रीनवर काहीच दिसत नाही.

व्होल्टेजवरून मी एवढी का कटकट करते? चिप उष्णतेपासून स्वतःला वाचवते. १०० अंशांना क्लॉक पाडते, त्यानेही भागलं नाही तर मशीनच बंद करते. तुम्ही हाताने टाकलेल्या व्होल्टेजला मात्र अशी राखण नाही. बायोसच्या मर्यादेत जे टाकाल ते मुकाट्याने घेते. ट्रान्झिस्टरमधला अतिपातळ इन्सुलेटर त्याने हळूहळू निकामी होतो. आणि करंट फार वाढला की धातूच्या सूक्ष्म तारांमधले अणू वाहत्या इलेक्ट्रॉन्सबरोबर सरकू लागतात, त्याला इलेक्ट्रोमायग्रेशन म्हणतात. तापमान वाढलं की त्याचा वेगही झपाट्याने वाढतो, म्हणून भरपूर व्होल्टेज आणि ९५ अंश ही जोडी सगळ्यात वाईट. लक्षण ओळखू येतं: काल टिकणारी सेटिंग आज टिकत नाही. लोक मग आणखी ०.०२ वाढवतात, आणि झीज आणखी वेगाने होते.

प्रश्न: मी इंजिनिअरिंगला आहे. बायोसमध्ये १.३० दिलं तरी लोडवर १.२३ च दिसायचं आणि मशीन हँग व्हायचं. मग लोड-लाइन कॅलिब्रेशन सगळ्यात वरच्या पातळीला टाकलं. आता लोडवर १.३२ दिसतं आणि सगळं स्थिर आहे. बरोबर केलं ना?

उत्तर: स्थिर झालं, पण बरोबर नाही. लोडवर व्होल्टेज पडतं ते मुद्दाम ठेवलेलं असतं; लोड-लाइन कॅलिब्रेशन ही घट भरून काढतं. ओहमचा नियम तुला मी काय सांगू? लोड-लाइन, म्हणजे ही घट ठरवणारा रोध, १ मिलिओहम असेल आणि प्रोसेसर १०० अँपिअर ओढत असेल, तर ०.१ व्होल्ट गेलेच. गंमत पुढे आहे. लोड अचानक सुटतो तेव्हा हा करंट एकदम घटतो आणि व्होल्टेज क्षणभर वर उसळतं. पडलेल्या पातळीवरून उसळी आली, तर ती तू दिलेल्या १.३० च्या आसपास थांबते. तू आधीच १.३२ वर बसलायस, म्हणजे उसळी त्याच्याही वर जाते. किती वर, ते एचडब्ल्यूइन्फो सांगू शकत नाही. ते सेकंदा-दोन सेकंदांनी एकदा बघतं, उसळी मायक्रोसेकंदांची. कॉलेजच्या प्रयोगशाळेत ऑसिलोस्कोप असेलच, पण त्याचा प्रोब चालू मदरबोर्डला लावताना घसरला तर मला पत्र पाठवू नकोस.

मधली पातळी निवड, बायोसमध्ये १.३३ दे, लोडवर १.२७-१.२८ होऊ दे. लोडवरचा आकडा हाच तुझा खरा आकडा. एक खबरदारी घे: काही बोर्डांवर लेव्हल १ सगळ्यात कडक असते, काहींवर सगळ्यात सौम्य. बायोसमध्ये शेजारी आलेख दाखवतात, तो बघ. आणि व्हीआरएमचं (प्रोसेसरला व्होल्टेज पुरवणाऱ्या बोर्डवरच्या भागाचं) तापमानही नजरेखाली ठेव. कडक लोड-लाइनचा भार त्याच्यावरही पडतो, आणि पाण्याचा कूलर बसवलेल्या मशीनमध्ये सॉकेटभोवती हवा फिरत नसल्याने तो भाग आधी तापतो.

प्रश्न: आय-५ १२४०० चा मल्टिप्लायर बदलतच नाही. काय चुकतंय?

उत्तर: काही नाही. नावात ‘के’ नाही, मल्टिप्लायर कुलूपबंद आहे. रॅमचं एक्सएमपी प्रोफाइल (रॅम तिच्या जाहीर वेगाने चालवणारी सेटिंग) चालू आहे का तेवढं तपासा.

प्रश्न: रायझन ७ ७७००एक्स. ३६० मिलिमीटरचा लिक्विड कूलर लावूनही सिनेबेंचमध्ये ९५ अंश. पेस्ट बदलली, कूलर काढून पुन्हा बसवला. ताई, दोष कशात?

उत्तर: दोष असेलच असं नाही. ७००० मालिकेचे हे एक्सवाले प्रोसेसर तापमानाला शिल्लक असेपर्यंत क्लॉक वाढवत राहतात, आणि ९५ अंश ही एएमडीनेच आखलेली हद्द आहे. मोठा कूलर दिलात की तापमान तेवढंच राहून क्लॉक थोडा वाढतो. त्यातून उष्णता निघते ती ५ नॅनोमीटर प्रक्रियेने बनवलेल्या चिमुकल्या चिपलेटमधून (कोअर असलेल्या सिलिकॉनच्या तुकड्यातून), आणि वरचं झाकण जाड आहे, कारण एएम४ या आधीच्या सॉकेटचे जुने कूलर नव्या सॉकेटवरही बसावेत असं ठरलं होतं. त्या वाटेने जेवढं बाहेर येईल तेवढंच तुमचा रेडिएटर फेकणार.

आकडा डोळ्यांत सलत असेल तर ६५ वॉटचा इको मोड लावा. सॉकेटची वीजमर्यादा १४२ वॉटवरून ८८ वर येते. सगळ्या कोअरच्या कामात वेग थोडा कमी होतो, गेममध्ये बहुधा जाणवणारही नाही. मला त्याहून आवडतो तो कर्व्ह ऑप्टिमायझर. त्यात प्रत्येक क्लॉकला लागणारं व्होल्टेज खाली सरकवता येतं, म्हणजे तेवढ्याच उष्णतेत जास्त वेग. लोकांची फसगत होते ती अशी: उणे ३० टाकतात, सिनेबेंच तासभर चालतं, खूश होतात. मग रात्री मशीन रिकामं बसलेलं असताना रीस्टार्ट होतं. सगळ्या कोअरवर भार असताना क्लॉक खाली असतो, म्हणून ते निभावतं. एकटा कोअर हलक्या कामात सर्वात वरच्या क्लॉकला पळतो, आणि कमी केलेलं व्होल्टेज तिथे तोकडं पडतं. म्हणून उणे १० पासून सुरू करा आणि एकेका कोअरची वेगळी चाचणी घ्या. कोअरसायकलर हा प्रोग्रॅम त्याचसाठी आहे. बायोसने ‘उत्तम’ ठरवलेले कोअर सहसा सगळ्यात कमी सूट देतात. त्यांचं व्होल्टेज आधीच काटकसरीचं असतं.

प्रश्न: कोअर आय-९ १३९००के मिळाला आहे. कितीपर्यंत ओव्हरक्लॉक करावा?

उत्तर: आधी बायोस अपडेट करा, मग बोलू. तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या डेस्कटॉप चिप्स जास्त व्होल्टेजमुळे झिजून अस्थिर होतात, हे इंटेलने २०२४ मध्ये मान्य केलं. त्या ऑगस्टमध्ये आलेल्या ०एक्स१२९ मायक्रोकोडने (बायोस अपडेटबरोबर येणाऱ्या प्रोसेसरच्या आतल्या सूचनांनी) प्रोसेसरच्या मागणीवर १.५५ व्होल्टची मर्यादा घातली, नंतर आणखी सुधारणा आल्या. पण झालेली झीज त्याने भरून निघत नाही, आणि तुमची चिप अपडेटच्या आधी किती काळ कुठल्या बोर्डावर राबली ते वरून दिसत नाही. अपडेटनंतर बायोसमध्ये इंटेलचं डिफॉल्ट प्रोफाइल निवडा. बोर्ड कंपनीची ‘एन्हान्समेंट’, म्हणजे वेग वाढवणारी तिची स्वतःची सेटिंग, बंद. मग आठवडाभर रोजचं काम करा. गेम सुरू होताना शेडर (चित्र रंगवणारे छोटे प्रोग्रॅम) तयार करतानाच क्रॅश होत असेल, किंवा मोठी झिप फाइल उघडताना चुका येत असतील, तर ओव्हरक्लॉक विसरा आणि वॉरंटीचा दावा टाका. बॉक्समध्ये विकल्या गेलेल्या या चिप्सची मुदत दोन वर्षांनी वाढवलेली आहे. स्थिर असेल, तर मी क्लॉक वाढवणार नाही, व्होल्टेज ऑफसेट उणे ०.०५ देऊन बघेन. ही चिप कारखान्यातूनच कडेलोटाच्या टोकावर आणून ठेवलेली आहे.