मॅडम, मी देवीवर चिडलेय, आता आणखी काही वाईट होईल का?

मी समुपदेशक आहे, आणि हा प्रश्न मला वर्षातून चार-पाच जण तरी विचारतात, शब्द फक्त वेगळे असतात. कुणी म्हणतं पूजेला बसते पण मन लागत नाही, कुणी म्हणतं एवढं सगळं केलं तरी देव बघत नाही, आणि मग लगेच जीभ चावतात, असं बोलले म्हणून काही होणार तर नाही ना. आज ज्यांच्याबद्दल लिहितेय त्यांनी लिहायला परवानगी दिलीय, तरी ओळख पटेल असं सगळं बदललंय. त्यांना वहिनी म्हणू, मी पण त्यांना तेच म्हणायचे.

2025 चा जून, धो धो पाऊस, आणि या बाई डिचोली तालुक्यातून दोन कदंबा बस बदलून फोंड्याला माझ्याकडे आल्या. वय पंचेचाळीसच्या आसपास. नवऱ्याचे खाणीवर ट्रक होते. 2012 ला खाणी बंद झाल्या तेव्हा एक ट्रक होता तो कसाबसा टिकवला, 2015 मध्ये परत सुरू झाल्या म्हणून हुरूप आला आणि लोन काढून दुसरा घेतला, आणि 2018 च्या मार्चमध्ये सुप्रीम कोर्टाच्या निकालाने परत बंद. ही गोष्ट डिचोली, सत्तरी, सांगे भागात घरोघरी आहे, मी नवीन काही सांगत नाही. एक ट्रक विकला, दुसरा अंगणात गंजला. नवऱ्याला शुगर, बीपी दोन्ही, टेन्शनमध्ये गोळ्या नीट घेतल्या नाहीत, आणि दीड वर्षापूर्वी किडन्या गेल्या. आता सोमवार, बुधवार, शुक्रवार डायलिसिस, दरवेळी चार तास. वीस वर्षांचा एकच मुलगा, तो धोंड. गोव्याबाहेरच्यांसाठी सांगते, शिरगावच्या लईराई देवीचं व्रत घेतलेले ते धोंड, जत्रेच्या रात्री निखाऱ्यांवरून चालतात.

पहिल्या दिवशी वहिनींनी यातलं निम्मंच सांगितलं. पिशवीतून एक डायरी काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, हे सगळं फेडायचं राहिलंय.

डायरीत नवस होते. तारीख, देव, काय बोललो ते. ओटी, अभिषेक, नारळांचं तोरण, पेढे, एका ठिकाणी चक्क चांदीचा डोळा. मी मोजले, एकतीस. काही एकाच महिन्यातले पाच-पाच. आणि मधल्या पानांवर कौलांचा हिशोब. आमच्याकडे देवाला कौल लावतात, मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, प्रश्न मांडायचा आणि वाट बघायची, उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. वहिनींनी तोच एक प्रश्न, 'ह्यांचं बरं होईल ना', तीन देवळांत मिळून सात वेळा विचारला होता. उजवी पडली तर दोन दिवस बरं वाटायचं, मग शंका यायची की आपण प्रश्नच नीट मांडला नाही, की परत दुसरीकडे.

इथे माझ्यातली समुपदेशक जागी झाली. कौल खरा की खोटा हा माझा विषयच नाही, पण गॅस बंद केला का ते बघायला दहा वेळा किचनमध्ये जाणारा माणूस आणि तोच कौल सात वेळा लावणारा माणूस, दोघांचं मन एकाच वाटेने चाललेलं असतं. खात्री मिळते, थोडा वेळ टिकते, आणि मग पहिल्यापेक्षा मोठी खात्री लागते. श्रद्धेतून सुरू झालेलं असतं पण दहाव्या वेळेला ती चिंता असते, देवळात उभी असलेली चिंता.

झोप येते का विचारलं तर म्हणाल्या तीन तास. जगणं नको वाटतं का, हे मी सरळ विचारते, आडवळणाने नाही, कारण विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो हा गैरसमज आहे. म्हणाल्या, "झोपावं आणि उठूच नये असं वाटतं, पण ह्यांना कोण नेणार?" तसं काही करायचं ठरवलेलं नव्हतं, जवळ साधनही नव्हतं. तरी मी 14416 हा टेली-मानसचा नंबर त्यांच्या मोबाईलमध्ये सेव्ह करून दिला, तो रात्री कधीही लागतो, आणि झोपेसाठी बांबोळीला मानसोपचार तज्ज्ञांना दाखवायला सांगितलं. त्या गेल्या पण. मुद्दाम लिहितेय, कारण 'देवाचं मन लावून करा, सगळं ठीक होईल' एवढ्यावर अशा माणसाला घरी पाठवणं बरोबर नाही.

खरी गोष्ट दुसऱ्या वेळेला बाहेर आली. मेच्या 2 तारखेच्या रात्री, म्हणजे 3 ची पहाट, शिरगावच्या जत्रेत चेंगराचेंगरी झाली, माणसं गेली. यांचा मुलगा तिथेच होता, हाताला खरचटलं तेवढंच. दुसऱ्या दिवशी शेजारपाजारच्या बायका येऊन म्हणाल्या, "देवीन राखलो गो तुझो पूत." वहिनींनी हात जोडले, चहा केला, आणि नंतर न्हाणीघरात जाऊन उलटी केली.

"मॅडम, माझ्या पोराला राखलं, मग जे गेले त्यांना का नाही राखलं? तेही व्रत करूनच आलेले ना, आमच्यासारखेच उपास केलेले. त्या आयांनी काय कमी केलं होतं? आणि एवढी राखणारी असेल तर ह्यांच्या किडन्यांच्या वेळी कुठे होती? हे मनात आलं आणि मला देवीचा राग आला. दिवा लावताना हात थरथरतो. आता ती अजून काहीतरी करेल."

मी याला काय उत्तर देणार? जे गेले ते का गेले याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं आणि तसं मी सांगितलं. पण मग गप्प बसवेना म्हणून मी एक चूक केली. मला आपला इतिहास आठवला. पोर्तुगीजांच्या काळात, सोळाव्या शतकात, देवळं पाडायला लागले तेव्हा लोकांनी रातोरात देव नदीपार अंत्रुजात, म्हणजे आमच्या फोंड्याच्या बाजूला, आणले, मंगेश कुठ्ठाळीहून प्रियोळला, तो 1560 साली, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला, म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळला. वहिनींची कुलदेवी यातलीच एक. मी म्हटलं, बघा, देवीवर पण वाईट दिवस आले होते, तिलाही घर सोडावं लागलं, तरी ती आहेच ना. बोलताना मला वाटलं काय छान दाखला दिलाय.

वहिनींनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "देवीला उचलून न्यायला माणसं होती, मॅडम. मला कोण आहे?"

बस, सगळं तिथेच होतं आणि मी इतिहास सांगत बसलेले.

जरा थांबून एक सांगते. केनेथ पार्गामेंट नावाचे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आहेत, संकटात माणसं धर्माचा आधार कसा घेतात यावर त्यांचं बरंच काम आहे. 2001 मध्ये त्यांच्या टीमने 55 वर्षांवरच्या जवळजवळ 600 आजारी माणसांचा दोन वर्षांचा अभ्यास छापला, त्यात 'देवाने मला टाकलं', 'देवाचं माझ्यावर प्रेम आहे का कोण जाणे' असे विचार ज्यांना छळत होते त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण जास्त निघालं. हे मी कुणा क्लायंटला कधी सांगत नाही, आधीच घाबरलेला माणूस आणखी घाबरेल. पण मला त्यातून एवढं कळतं की दुखतं ते टाकून दिल्यासारखं वाटणं, आणि ते एकटेपणाचंच भावंड आहे. 'मला कोण आहे' हा प्रश्न वहिनी देवीला विचारत होत्या, दिराला नाही, जावेला नाही, पोरालाही नाही. घरातल्या कुणाला नीट माहीतच नव्हतं की ही बाई आठवड्यात तीन दिवस पहाटे साडेचारला उठते.

आणि अपराधीपणाचं म्हणाल तर ते आपणच एकमेकांच्या डोक्यात घालतो. मेल्विन लर्नर नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी 1960 च्या दशकात दाखवलं की जगात न्याय आहे हे आपल्याला इतकं हवं असतं की दुसऱ्याला विनाकारण सोसताना बघितलं तर आपण त्याच्यातच दोष शोधतो. वहिनींच्या एका नातेवाईक बाईंनी सांगितलं होतं, सासूच्या वेळचा नवस राहिला असेल म्हणून किडन्या गेल्या. अहो, शुगर आणि बीपी दहा वर्षं मोकाट असले की किडन्या जातात, त्याला सासू कशाला पाहिजे?

तिसऱ्या वेळी मी विचारलं, "वहिनी, देवळात जाऊन देवाला सांगतात त्याला तुमच्याकडे काय म्हणतात?"

"गाऱ्हाणं."

"म्हणजे?"

हसल्या, पहिल्यांदाच. "म्हणजे तक्रारच की."

आपल्याकडे देवासमोर उभं राहून बोलण्याला शब्दच हा आहे. आणि जनाबाई, तुकोबा विठ्ठलाला काय काय बोललेत ते आपण टाळ वाजवत म्हणतोच. मग चिडलं तर पाप कुठून आलं? ज्याला सोडून द्यायचं असतं त्याच्याकडे माणूस तक्रार घेऊन जात नाही. फक्त देवळात आपलं गाऱ्हाणं दुसरं कोणीतरी घालतं, भटजी किंवा गावकर, त्यांच्या ठरलेल्या शब्दांत, घरात सुखशांती दे वगैरे, त्यात न्हाणीघरातली उलटी कुठे येणार? मी म्हटलं, एकदा स्वतःच्या तोंडाने घाला. कौल नको, नवस नको, काही मागू पण नका, फक्त सांगा. आणि दुसरं काम, तेच गाऱ्हाणं एका जिवंत माणसाला घाला. दिराला.

पहिलं काम सोपं गेलं. एका मंगळवारी दुपारी देऊळ रिकामं असताना खांबाला टेकून बसल्या आणि अर्धा तास बडबडल्या, शेवटी शेवटी अहो-जाहो सोडून अगं-तुगंवर आल्या म्हणे. मग लाज वाटली, मग ओटी भरली. मी विचारलं, पुढे काय झालं? "काही नाही. घरी येऊन झोपले. सहा तास." आता यात गाऱ्हाणं किती आणि बांबोळीच्या गोळ्या किती ते मला सांगता येणार नाही, वहिनी गाऱ्हाणं म्हणतात, मी वाद घालत नाही.

दुसरं काम जड गेलं. दिराशी खाणीच्या पैशावरून सात वर्षं बोलणं नव्हतं. दोनदा फोन हातात घेऊन ठेवला. शेवटी मुलानेच काकाला गाठलं, आणि काका संध्याकाळी आला, चहा न घेता म्हणाला, "बुधवार माझा, तू उठूं नाका." माफी नाही, काही नाही. मग हळूहळू शुक्रवार मुलाचा झाला. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेच्या, म्हणजे गोवा सरकारच्या आरोग्य विम्याच्या, कार्डाचं काम अडकलं होतं ते जावेने बघितलं. लोनचं मात्र अजून पडून आहे, बँकेशी वन टाइम सेटलमेंटचं बोलणं चाललंय, होईल की नाही माहीत नाही.

एक गोष्ट वेळेत कळली ते बरं झालं. अभिषेकाचं शहाळ्याचं पाणी वहिनी प्रसाद म्हणून नवऱ्याला पाजत होत्या, आणि त्याचा पोटॅशियम वर का जातो म्हणून नर्स ओरडत होती. डायलिसिसवाल्याला शहाळ्याचं पाणी घातक आहे, पोटॅशियम वाढला तर हृदयाचे ठोके बिघडतात, हे ज्यांच्या घरात पेशंट आहे त्यांनी कृपा करून लक्षात ठेवा. वहिनींना प्रसाद नाकारायची भीती. मी सांगून पटलं नसतं, म्हणून भटजींनाच विचारायला लावलं. ते म्हणाले, डोळ्याला लावा, पोचतं. त्याच बैठकीत डायरीतले एकतीस नवस पण भटजींसमोर ठेवले, त्यांनी सगळ्यांचं मिळून एक नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं आणि डायरी बंद करायला सांगितली. चांदीचा डोळा तेवढा वहिनींनी देणारच म्हणून ठेवलाय, तो का बोललेला हे मला शेवटपर्यंत सांगितलं नाही.

शिरगावचा प्रश्न सुटला नाही. जुलैत त्या मला म्हणाल्या, आता कुणी 'देवीन राखलो' म्हटलं तर मी हो म्हणते, पण त्या आयांची आठवण येतेच, आणि मी त्यांच्यासाठी पण एक वात लावते.

चवथीनंतर, म्हणजे गणेश चतुर्थीनंतर, त्यांचा फोन आला. 2025 ची चवथ बुधवारी, 27 ऑगस्टला होती, म्हणजे डायलिसिसचा दिवस. डायलिसिस चुकवता येत नाही. माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर फळांनी सजवून बांधतात ती चौकट, त्या वर्षी छोटीच बांधली, रानातली फळं दिराने आणली. भटजी पहाटे पाचला येऊन पूजा करून गेले, सहाला दीर गाडी घेऊन दारात. वहिनींना घरी थांब म्हणत होते, त्यांनी ऐकलं नाही, पुढे बसल्या. "निघताना गणपतीला सांगितलं," म्हणाल्या, "तू बस, आम्ही जेवणापर्यंत येतो. आणि आलो पण. उशीर झाला थोडा, खतखतं, म्हणजे आमची मिश्र भाजी, गार झालेलं."