लॅव्हेंडर सप्टेंबरातच का मरतं?

प्रश्न : ताई, नमस्कार. आमचं घर माणदेशात, दहिवडीजवळ आहे. अंगण दक्षिणेला, दिवसभर ऊन, पाणी टँकरचं. कमी पाण्यावर येतं असं ऐकून तीन वर्षांत तीनदा लॅव्हेंडर लावलं. उन्हाळा काढतं आणि सप्टेंबरच्या पावसात आठ दिवसांत काळं पडतं. जमीन काळी आहे, शेणखतही भरपूर घातलं होतं. काय चुकतंय?
– एक वाचक, जि. सातारा

उत्तर : तुमचं पत्र दोनदा वाचलं, कारण फलटणला माझ्या अंगणात अगदी हेच घडलं होतं. अख्खा मे महिना तगलेलं झाड पहिल्या मोठ्या पावसानंतर मान टाकतं, तेव्हा फार वाईट वाटतं. मीही तेव्हा पाणी कमी पडलं असेल म्हणून आणखी पाणी घातलं. उपटून पाहिलं तर मुळं तपकिरी आणि बुळबुळीत झालेली.

लॅव्हेंडरचं रुपेरी पान भिंगाखाली धरून बघा. पान मुळात हिरवंच असतं, त्यावर बारीक पांढरी लव असते. ही लव ऊन परतवते आणि पानालगत हवेचा थर धरून ठेवते, म्हणून पानातलं पाणी सावकाश उडतं. पण पावसात तीच लव ओली राहते आणि उबदार, दमट हवेत बुरशीचं फावतं. लॅव्हेंडरचं माहेर भूमध्य समुद्राकाठच्या खडकाळ टेकड्या. तिथे पाऊस थंडीत पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो. ओल आणि उष्मा एकदम सोसायची त्याला सवयच नाही. आपल्याकडे परतीचा पाऊस गरम मातीवर पडतो, काळी जमीन पाणी धरून बसते आणि मुळं गुदमरतात. शेणखतानं ओल आणखी टिकते, पालाही लुसलुशीत होतो.

इंग्लंडात एसेक्समध्ये बेथ चॅटो या बागकाम करणाऱ्या बाईंनी 1990च्या दशकाच्या सुरुवातीला गाड्या उभ्या करायच्या जुन्या जागेवर खडीची बाग केली. वर्षाचा पाऊस 500 मिलिमीटरच्या आसपास, तरी रुजलेल्या झाडांना वरून पाणी घालत नाहीत. पावसाचा हा आकडा आपल्या पर्जन्यछायेतल्या गावांसारखाच, पण तिथे तो वर्षभर थोडा थोडा पडतो, आणि खाली वाळू-खडी आहे. म्हणून त्या बागेतल्या झाडांची यादी घेऊ नका, जमीन करायची रीत तेवढी घ्या. फूटभर उंच गादीवाफा करा. त्यात निम्मा मुरूम, निम्मी माती, खत ओंजळभर. खोडाभोवती पालापाचोळा नको, दोन बोटं जाडीची खडी पसरा.

या वाफ्यात लॅव्हेंडरऐवजी ल्युकोफायलम हे रुपेरी पानांचं झुडूप लावा. काही नर्सऱ्यांत त्याला सिल्व्हर सेज म्हणतात. हे टेक्सास आणि उत्तर मेक्सिकोचं. तिथे उन्हाळ्यातही पाऊस येतो, म्हणून ते आपल्याकडे टिकतं. पावसाची हवा झाली की जांभळ्या-गुलाबी फुलांनी झुडूप झाकून जातं. माझ्याकडे दोन आहेत आणि ती बहरली की मी दारातच खुर्ची टाकून बसते. लागवड ऑक्टोबरात, पाऊस सरल्यावर करा. पहिल्या उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांनी एकदा, पण खोलवर पाणी द्या. दुसऱ्या वर्षापासून अंतर वाढवत न्या. फुलोरा सरला की शेंडे हलके छाटा, नाहीतर बुडखा उघडा पडतो.

तरी लॅव्हेंडर हवंच असेल, आणि मला कळतं की ते हवं असणारच, तर दातेरी पानांची डेंटाटा जात बघा. मातीच्या कुंडीत लावा आणि पावसाळ्यात वारा खेळेल अशा पत्र्याखाली ठेवा.

प्रश्न : पुण्यात आमच्या गॅलरीत डस्टी मिलर आहे. आणलं तेव्हा पांढरंशुभ्र होतं, आता हिरवट आणि लांबुडकं झालंय. दर पंधरवड्याला खत घालते. रोग आहे का?

उत्तर : रोग नाही. ऊन कमी आणि खत जास्त झालंय. गॅलरीत सकाळपासून दुपारपर्यंत ऊन येणाऱ्या कठड्यावर कुंडी ठेवा, खत बंद करा. नवी पालवी पांढरी येईल, जुनी हिरवी पानं मात्र तशीच राहतील. ती खुडा.

प्रश्न : दर शनिवारी मारुतीला रुईची माळ लागते. ऊन भरपूर आहे, रुई दारातच लावली तर चालेल?

उत्तर : चालेल, पण कुंपणाशी लावा. पांढुरकी पानं, फिकट जांभळी फुलं, पाण्याची मागणी जवळजवळ नाही, असं आपल्याच मातीतलं रूपवान झाड लोक तण म्हणून उपटतात याचं मला दुःख आहे. एकच जपा : चीक डोळ्यात गेला तर गंभीर इजा होते, तेव्हा पानं तोडताना मुलांना लांब ठेवा आणि हात साबणानं धुवा. पानांवर काळे-पांढरे-पिवळे पट्टे असलेली अळी दिसली तर औषध मारू नका. ती बहुधा बिबळ्या कडवा फुलपाखराची असते. माळेपुरती पानं ती शिल्लक ठेवते.