आईच्या ऐंशीला डीजे लावावा का?

प्रश्न : येत्या जानेवारीत माझ्या आईला ८० वर्षं पूर्ण होतात. सोसायटीच्या मागच्या लॉनवर संध्याकाळी सव्वाशे माणसांचं जेवण ठरलंय. मोठा भाऊ म्हणतो, डीजे आणू, नाहीतर तरुण मंडळी जेवून पळतील. धाकट्या बहिणीला भावगीतं गाणारी कुणी आणि पेटी-तबला हवाय. भाचरांनी कराओकेचा हट्ट धरलाय. आईला विचारलं, तर "तुम्हाला हवं ते करा गं," एवढंच. ती सासवडला वाढली, पुढे ठाण्यात प्राथमिक शाळेत शिकवायची. छान गाते, म्हणजे गायची. चार वर्षांपासून दोन्ही कानांना मशीन आहे. या तिघांचं कसं जमवू?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : ताई, तिघांचं जमवण्याआधी मशीनचं बघू. तुमच्या पत्रात ते सगळ्यात शेवटी आलंय, माझ्या हिशेबात सगळ्यात आधी.

मिरजेत मी ३४ वर्षं साउंडचा धंदा केला. एका पंचाहत्तरीला स्टेजच्या दोन्ही बाजूंना मोठे बॉक्स लावले आणि आजींची खुर्ची, मानाची म्हणून, बरोब्बर डावीकडच्या बॉक्सपुढे आली. आजी संध्याकाळभर हसतमुख. लोक यायचे, वाकून नमस्कार करायचे, काही बोलायचे. आजी मान डोलवायच्या. रात्री मी वायरी गुंडाळत होतो, तेव्हा सुनेनं त्यांची पर्स उघडली. आत रुमालात दोन्ही मशीनं. पहिल्या गाण्यालाच काढून ठेवली होती म्हणे. स्वतःच्या वाढदिवसाला बाई चार तास काही न ऐकता बसल्या होत्या. माझ्याइतका खूश त्या दिवशी कुणी नव्हता, आवाज फार स्वच्छ लागला होता ना!

वयानं कान जातो तो बहुतेक वरच्या सुरांपासून. स, श, फ ही अक्षरं आधी पुसट होतात. बेस मात्र तसाच छातीवर आदळतो. मशीन आवाज वाढवतं, पण गोंगाटातून समोरच्याचं बोलणं वेगळं काढून देणं त्याला जेमतेम जमतं. म्हणून मोठे बॉक्स आईपासून लांब, तरुणांच्या टेबलांकडे तोंड करून. आईसमोर सहा-आठ फुटांवर एक छोटा बॉक्स, हळू आवाजात. खुर्ची भिंतीला पाठ लावून, म्हणजे मागून आवाज येणार नाही. आणि भेटायला येणाऱ्याच्या तोंडावर उजेड पडेल असा एक दिवा. ऐकायला कमी येणारी माणसं बरंचसं बोलणं ओठांवरून वाचतात. डेकोरेशनवाला तिथे निळा-जांभळा लाइट लावायला बघेल, लावू देऊ नका.

आता गाणी. "तुला कुठली आवडतात?" असं विचारलंत, तर पुन्हा "काहीही" हेच उत्तर मिळेल. असं विचारा : "रेडिओ कुणाच्या घरी होता? तिथं काय ऐकायचात?" माणसाला दहा ते पंचविशीतली गाणी सगळ्यात पक्की आठवतात. आई १९४६ची, म्हणजे साधारण १९५६ ते १९७१. पुणे आकाशवाणीवर १९५५च्या रामनवमीला गीतरामायण सुरू झालं आणि वर्षभर चाललं, तेव्हा त्या नऊ वर्षांच्या. सासवडात कुणाच्या ओसरीवर बसून ऐकलं असेल, तर ती ओसरीसुद्धा आठवेल. मग १९५७ला विविध भारती आली. बुधवारी रात्री आठला रेडिओ सिलोनवर गीतमाला असायची. अशा गप्पा दोन दुपारी मारा, वही घेऊन बसा. पंचवीसेक गाणी निघतील, तेवढी पुष्कळ झाली. आणखी एक विचारा : कुठलं नको? वडील हयात आहेत की नाहीत, ते तुम्ही लिहिलेलं नाही. नसतील, तर त्यांचं आवडतं गाणं 'सरप्राइज' म्हणून सव्वाशे माणसांसमोर लावायचा मोह आवरा. ते घरी, दुसऱ्या दिवशी.

बहिणीचं भावगीत ठेवा, पण पाऊण तासच, जेवणाआधी. लोक वीस-वीस वर्षांनी भेटलेले असतात, त्यांना बोलायचं असतं. दोन तासांची मैफल ठेवलीत, तर मागच्या रांगा बोलणार, गायिका चिडणार आणि साउंडवाला आवाज चढवणार. निवेदक नकोच. एका गाण्याला पाच मिनिटांचं प्रास्ताविक करणारी माणसं मी फार सोसलीत.

औक्षणाच्या वेळी सगळं बंद. ८१ दिव्यांचं तबक फिरत असताना मागे रेकॉर्डवरची सनई कशाला? आईच्या जुन्या सहकारी शिक्षिका येणार असतील, तर त्यांना एखादी ओवी किंवा भोंडल्याचं गाणं माइकशिवाय म्हणू दे. केक असेल, तर तेव्हा जे गातात ते गातीलच.

कराओके मुलांना द्या, पण ट्रॅकची पट्टी आधी उतरवून घ्या. बहुतेक अ‍ॅपमध्ये ती सोय असते. त्या काळातली बायकांची गाणी भलती उंच आहेत; मूळ पट्टीत लावली, तर अंतऱ्याला भल्याभल्यांचा आवाज फाटतो. आईलाही एक गाणं म्हणायला सांगा, मात्र महिनाभर आधी घरी म्हणून बघा. पूर्वी पेटीच्या 'काळी चार' पट्टीत गात असतील, तर आता काळी एकपर्यंत उतरावं लागेल. त्यात कमीपणा काही नाही, फक्त पेटीवाल्याला आधी ठाऊक हवं.

राहिला डीजे. लॉन उघडं आहे, त्यामुळे रात्री दहाला स्पीकर बंद, हा कायदाच आहे. दिवसासुद्धा निवासी भागाची मर्यादा ५५ डेसिबल, म्हणजे जवळपास आपल्या बोलण्याइतकी. एवढ्यात डीजे कसला बसवणार! भावाला सांगा, जेवणानंतर सव्वानऊ ते दहा त्याचा फोन आणि तरुणांकडचे तेच दोन बॉक्स. नाचणारे तेवढ्यातही नाचतात. आईला तोवर थांबायचं असलं तर थांबू दे. पुष्कळ आज्या शेवटपर्यंत बसतात.

जाता जाता, पौर्णिमा मोजायला बसलात, तर हजार भरायला साधारण ८० वर्षं आणि दहा महिने लागतात. जानेवारीत गायिकेची तारीख मिळाली नाही, तर दिवाळीनंतरही सहस्रचंद्रदर्शन थाटात होईल.

आणि आईच्या मशीनला सेल लागत असतील, तर जास्तीचं पाकीट त्या संध्याकाळी भावाच्या खिशात ठेवा.