लोगो जेपेगमध्ये सेव्ह केला की अक्षरांच्या कडा डागाळलेल्या का दिसतात? वेबसाइटसाठी कोणता फॉरमॅट घ्यावा?

दोष लोगोचा नाही, फॉरमॅटचा आहे. जेपेग मुळात फोटोंसाठी. तो चित्राचे ८×८ पिक्सेलचे चौकोन पाडतो आणि डोळ्यांना सहसा न जाणवणारे बारकावे टाकून देतो. फोटोत रंग हळूहळू बदलतात, म्हणून ते खपून जातं. लोगोत मात्र पांढऱ्याला लागून एकदम काळं येतं, आणि नेमके तिथेच डाग उमटतात. शिवाय जेपेगला पारदर्शक पार्श्वभूमी ठेवता येत नाही.

लोगो इलस्ट्रेटर किंवा इंकस्केपसारख्या चित्र काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये काढलेला असेल तर सरळ एसव्हीजी घ्या. त्यात पिक्सेल नसून आकारांचं वर्णन असतं, त्यामुळे कितीही मोठा केला तरी कडा रेखीवच राहतात. अशी आकारांच्या वर्णनाची मूळ फाइल (व्हेक्टर फाइल) नसेल तर पीएनजी. त्यात काहीच गाळलं जात नाही. स्क्रीनशॉटलाही तोच बरा. फोटोंना जेपेग किंवा वेबपी. जिफ नको, २५६च रंग मिळतात.

एक कळकळीची विनंती: खराब झालेला जेपेग पीएनजीमध्ये बदलू नका. गेलेले बारकावे परत येत नाहीत, फाइल तेवढी फुगते. मूळ फाइल शोधून तिथूनच नव्याने एक्स्पोर्ट करा.